गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी



वार्षिक अहवाल हातात पडला की आपण काय पाहतो? आधी दर. मग गाळप किती झाले, उतारा किती पडला, शेजारच्या कारखान्यापेक्षा जास्त की कमी. नंतर कर्जाचा आकडा, आणि वेळ उरलाच तर प्रवासखर्च. अहवालाच्या शेवटी-शेवटी 'प्रदूषण नियंत्रण' या मथळ्याखाली चार ओळी असतात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प समाधानकारक चालू आहे, अशा अर्थाचे काहीतरी त्यात दरसाल छापलेले असते. त्या चार ओळी वाचून सर्वसाधारण सभेत कोणी उभा राहिला आणि प्रश्न विचारला, असे सहसा घडत नाही. यंदापासून तो प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो विचारण्यापुरती माहिती प्रत्येक सभासदाजवळ असली पाहिजे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

"साखरेचंच पाणी ते"

गावात बोलणे निघाले की हमखास ऐकू येते, "साखरेचंच पाणी आहे ते. त्यात काय इख असतंय?" हे बोलणे अर्धे खरे आहे. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात रंगाच्या किंवा कातड्याच्या कारखान्यासारखी जहाल रसायने नसतात. असतो तो रस, साखर, वंगणाचे तेल, बगॅसचा बारीक भुसा आणि सफाईचा कॉस्टिक सोडा. पण गोडच पाणी नदीचा जीव घेते, हे समजून घेतले पाहिजे.

पाण्यात साखर गेली की जिवाणूंची चंगळ होते. ते ती खातात, वाढतात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मासा त्याच प्राणवायूवर जगतो. जिवाणूंनी तो संपवला की मासा वर येऊन आ वासतो आणि मरतो. त्यानंतर प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. पाणी काळे पडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणजे माशाला मारले विषाने नव्हे, तर त्याचा श्वास कोंडून. सांडपाणी किती प्राणवायू खाईल, याचे जे माप आहे त्याला बीओडी म्हणतात. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर हा शब्द असतो. उसाला जसा उतारा, तसा सांडपाण्याला बीओडी. एवढा एक शब्द सभासदाने लक्षात ठेवला तरी पुरे.

आता गणित करू. समजा, एखादा कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो आणि टनामागे २०० लिटर सांडपाणी बाहेर पडते. म्हणजे रोजचे १० लाख लिटर. प्रक्रिया न केलेल्या पाण्याचा बीओडी लिटरला १,५०० मिलिग्रॅम धरू. साखर कारखान्यात तो साधारण एवढा असतोच. याचा अर्थ ते पाणी रोज १,५०० किलो प्राणवायू मागते. माणसामागे रोज सुमारे ५० ग्रॅम बीओडीची घाण धरली, तर हा बोजा ३०,००० वस्तीच्या गावाएवढा झाला.

नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. माशाला त्यातला निदान ४ मिलिग्रॅम राहू द्यायला हवा. खर्चायला उरला ३. मग १,५०० किलोची मागणी भागवायला रोज ५० कोटी लिटर पाणी लागेल, म्हणजे अंदाजे २०० क्युसेकचा प्रवाह अखंड वाहता हवा. नदी वाहताना हवेतून थोडा प्राणवायू पुन्हा घेते, हे खरे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या ओढ्याला किती क्युसेक पाणी असते, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

त्यात आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बरगे टाकले की पाणी वाहायचे थांबते आणि साठते. साठलेल्या पाण्यात जे सोडाल ते तिथेच राहते. पहिल्या पावसाला बरगे काढले की महिनोन्महिने साठलेली घाण एकदम खाली जाते, आणि खालच्या गावाला वाटते की काल रात्री कोणी तरी काही सोडले. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. दोष कोणाचा, हा वाद त्या-त्या वेळी होतो आणि विरूनही जातो. नदी मात्र तीच राहते, आणि तिच्या काठावरची माणसेही तीच.

ही माणसे कोण? आपलेच सभासद. ज्यांचे शेअर्स आहेत, ज्यांचा ऊस येतो, ज्यांच्या विहिरी ओढ्याकाठी आहेत आणि ज्यांची जनावरे त्या पाण्यावर जातात. खासगी कारखान्याचा मालक मुंबईला राहील. आपल्या कारखान्याचे मालक ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतात.

जिवाणूंनाच कामाला लावणे

यावरचा उपाय मोठा सुबक आहे. जे जिवाणू नदीत जाऊन प्राणवायू खाणार, त्यांना आपल्या आवारातच टाकीत पाळायचे, तिथेच त्यांना साखर खाऊ घालायची आणि लागेल ती हवा यंत्राने द्यायची. जिवाणू पोट भरून घेतात, त्यांचा गाळ होऊन तळाशी बसतो, आणि वरचे निवळ पाणी बाहेर सोडायचे. बसलेला गाळ पुन्हा टाकीत घ्यायचा, कारण तोच उद्याचा कामगार. इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली ही रीत जगापुढे मांडली. शंभरावर वर्षे झाली, पण मूळ तत्त्व तेच आहे. आपल्या बायाबापड्यांना ते जास्त चांगले कळेल: आजच्या दह्यातले चमचाभर उद्याच्या दुधाला विरजण.

दुसरी रीत झाकलेल्या टाकीची, गोबरगॅससारखी. तिथे हवा लागत नाही. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू घाण कुजवतात आणि तिचा गॅस करतात. हॉलंडमध्ये गाट्झे लेट्टिंगा यांनी १९७० च्या दशकात या पद्धतीच्या उभ्या टाकीवर काम केले, आणि त्यातले सुरुवातीचे प्रयोग बीटच्या साखर कारखान्याच्या पाण्यावरच झाले. म्हणजे ही विद्या साखर धंद्याला परकी नाही.

दोन्ही रीती जोडीने वापरणे शहाणपणाचे. आधी बंद टाकीत निम्म्याहून अधिक बोजा उतरवायचा, मग उरलेल्याला हवेच्या टाकीत घालायचे. कारण हवा फुकट मिळत असली तरी ती पाण्यात मिसळायला वीज लागते. सगळा १,५०० किलोचा बोजा हवेच्या टाकीवर टाकला, तर त्या यंत्रांना दिवसाला हजार-दीड हजार युनिट वीज सहज लागेल. आणि इथेच खरी मेख आहे. वीज वाचवायची म्हणून रात्री पंखे बंद करण्याचा मोह होतो. कारखान्याच्या हिशेबात ती बचत दिसते. टाकीत मात्र काही तासांत प्राणवायू संपतो, गाळ सडून वर तरंगू लागतो, आणि महिनाभर वाढवलेले विरजण एका रात्रीत नासते. बैलाला चार दिवस वैरण टाकली नाही आणि पाचव्या दिवशी औताला जुंपले, तर तो चालेल काय?

खत आणि शेण

जिवाणूंना नुसती साखर पुरत नाही. माणूस नुसत्या गुळावर जगत नाही, तसेच ते. हवेच्या टाकीचा ठोकताळा असा: बीओडी १००, तर नत्र ५ आणि स्फुरद १. साखर कारखान्याच्या पाण्यात साखर भरपूर, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. ते आपल्याला घालावे लागते. वरच्या उदाहरणात रोज ७५ किलो नत्र आणि १५ किलो स्फुरद लागेल. म्हणजे साधारण तीन पोती युरिया आणि दीड पोते डीएपी. बंद टाकी आधी जोडली असेल तर याहून पुष्कळ कमी. शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. मात्र एक लक्षात ठेवावे की शेतीसाठीचा अनुदानाचा युरिया इकडे वळवणे बेकायदा आहे. कारखान्याने औद्योगिक वापराचाच घ्यायचा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हंगामाची. आपला कारखाना चार-पाच महिने चालतो आणि सात-आठ महिने बंद असतो. यंत्र बंद ठेवता येते, ग्रीस लावून झाकून ठेवता येते. जिवाणू झाकून ठेवता येत नाहीत. बंद काळात ते उपाशी मरतात. मग गाळप सुरू झाले की पहिल्या दिवसापासून सांडपाणी येऊ लागते, आणि टाकीत असते नुसते गढूळ पाणी. नव्याने जिवाणू वाढायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंतचे पाणी कुठे जाते? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ साली उद्योगांशी बोलून जी सनद केली, तीत साखर कारखान्यांसाठी हे साफ लिहिले आहे की, गाळप सुरू होण्याच्या निदान एक महिना आधी शुद्धीकरण प्रकल्प सुरू करावा. ताजे शेण कालवून टाकावे, चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पातला गाळ टँकरने आणून घालावा, पातळ केलेली मळी थोडी-थोडी खाऊ घालावी आणि रोज पाहणी करावी. पाहणीही अवघड नाही. एक लिटरचे काचेचे मोजपात्र टाकीतल्या पाण्याने भरायचे आणि अर्धा तास स्थिर ठेवायचे. तळाशी दोनशे-तीनशे मिलिलिटरपर्यंत तपकिरी गाळ घट्ट बसला आणि वर निवळ पाणी राहिले, तर विरजण लागले असे समजावे. गाळ बसतच नसेल किंवा काळा पडून वास मारत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. ही परीक्षा दहावी शिकलेला आपला कोणताही मुलगा करू शकेल.

गव्हाणीत मोळी टाकायचा मुहूर्त आपण काढतो, बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका छापतो, पाहुणे बोलावतो, नारळ फोडतो. ते सर्व व्हावेच. पण गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी महिनाभर आधी टाकीत शेण पडले का, हे विचारणारा एक तरी सभासद निघाला पाहिजे.

गटारातून जाते ती आपली साखर

सांडपाण्याचा प्रश्न टाकीपाशी सुरू होत नाही, तो मिल हाऊस आणि बॉयलिंग हाऊसमध्ये सुरू होतो. पंपाच्या ग्लँडमधून रस गळतो, टाकी भरून उतू जाते, पॅनमधल्या वाफेबरोबर रसाचे तुषार कंडेन्सरकडे खेचले जातात आणि ते स्प्रे पाँडच्या पाण्यात मिसळतात. हे सगळे बीओडी म्हणून मोजले जाते, पण मूळ ती साखर आहे.

एक किलो साखरेचा बीओडी सुमारे ७०० ग्रॅम भरतो. आपल्या उदाहरणातला १,५०० किलोचा बोजा निम्मा जरी साखरेचा धरला, तरी रोज सुमारे एक टन साखर गटारात जाते. १२० दिवसांच्या हंगामात १,२०० क्विंटल! शिवारात उन्हातान्हात वाढवलेला ऊस, टोळीने तोडलेला, बैलगाडीने आणि ट्रॅक्टरने आणलेला, त्यातली ही साखर. ताळेबंदात ती 'अज्ञात घट' या नावाने बसते. माझ्या मते यात अज्ञात असे काही नाही. गटाराच्या तोंडाशी जाऊन अल्फा नॅफ्थॉलची परीक्षा दर पाळीला केली की पाण्यात साखर आहे की नाही ते तिथल्या तिथे कळते. प्रयोगशाळेतल्या केमिस्ट मंडळींना ही परीक्षा पाठ आहे. बॉयलरच्या पाण्यासाठी ते ती करतातच. तीच गटाराला लावायची. जो कारखाना आपली गळती थांबवतो, त्याचे सांडपाणी अर्धे तिथेच शुद्ध होते आणि उतारा वाढतो तो वेगळा.

दुसरी गोष्ट पाण्याची. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असते. ५,००० टन उसाबरोबर ३,५०० टन पाणी आपोआप कारखान्यात येते आणि वाफ होऊन, थंड होऊन मोकळे होते. तरी आपण नदीतून पाणी का उचलतो? कारण येणारे गरम पाणी थंड करून फिरवून वापरण्याची व्यवस्था अपुरी पडते. २०१६ साली केंद्र सरकारने ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे टनामागे शुद्ध केलेले सांडपाणी १०० लिटर आणि स्प्रे पाँड वा कूलिंग टॉवरचे १०० लिटर, याहून अधिक बाहेर पडता कामा नये. नदीत सोडायचे तर बीओडी ३० च्या आत, जमिनीवर सोडायचे तर १०० च्या आत. १,५०० वरून ३० वर आणणे म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग काढून टाकणे. निगा राखली तर जिवाणू हे काम करतात.

डिस्टिलरीचे प्रकरण निराळे

साखर विभागाचे पाणी हे शेळी धरले, तर डिस्टिलरीचा स्पेंटवॉश हा माजलेला वळू आहे. एक लिटर अल्कोहोल काढताना जुन्या पद्धतीत ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी, आंबट, ऊन-ऊन. त्याचा बीओडी ४० ते ५० हजारांपर्यंत असतो. रोज ३०,००० लिटरची डिस्टिलरी धरा, लिटरामागे १२ लिटर स्पेंटवॉश धरा, तर बीओडीचा बोजा १६,००० किलोच्या पुढे जातो. म्हणजे तीन लाख वस्तीच्या शहराएवढा. तो नदीत सोडण्याची मुभाच नाही; २००३ च्या सनदेपासून डिस्टिलरीला शून्य विसर्गाचे बंधन आहे.

इथे बंद टाकीच्या जिवाणूंचा पराक्रम दिसतो. ते बीओडीचा ८० ते ९० टक्के भाग खाऊन टाकतात आणि बदल्यात जळाऊ गॅस देतात. वरच्या आकाराच्या डिस्टिलरीत रोज दहा हजार घनमीटरच्या आसपास गॅस मिळू शकतो. तो बॉयलरला लावला तर रोज वीस टनांवर बगॅस वाचेल. घाणीतून सरपण मिळते ते असे.

पण इथे फसगत होऊ देऊ नये. जिवाणूंनी काम केल्यावरही त्या पाण्याचा रंग जात नाही, आणि उरलेला दहा-वीस टक्के बोजा हादेखील हजारांच्या घरात असतो. 'गॅस काढला, आता पाणी शुद्ध झालं' हे म्हणणे खोटे. पुढे ते प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करणे, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळणे, यांपैकी काहीतरी करावेच लागते. कंपोस्टचे काम पावसाळ्यात चालत नाही. साठवणीचे तळे पक्के अस्तर केलेले नसेल, तर स्पेंटवॉश जमिनीत झिरपतो आणि विहिरीचे पाणी चहासारखे होते. एकदा असे झाले की ती विहीर वर्षानुवर्षे सुधारत नाही.

"स्पेंटवॉशमध्ये पोटॅश असतं, रानाला चांगलंच की," असेही काहीजण म्हणतात. पोटॅश असते, हे खरे. म्हणून तर स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेपासून केलेल्या पोटॅश खताला केंद्राने २०२१ साली अनुदानाच्या यादीत घेतले. पण राखेतले मोजून दिलेले पोटॅश वेगळे, आणि रात्री टँकर उपडा करून रानात सोडलेला स्पेंटवॉश वेगळा. पहिले खत, दुसरी चोरी.

आक्षेप आणि उत्तरे

काही सभासद विचारतील, "नगरपालिका सगळी घाण नदीत सोडतात, त्यांना कोणी बोलत नाही. कारखान्यालाच का धरायचं?" तक्रार रास्त आहे. शहरांचे मैलापाणी हा नद्यांवरचा फार मोठा बोजा आहे, आणि तिथेही कायदा चालला पाहिजे. पण शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपणही कोरायचा, असा न्याय गावात चालत नाही. शिवाय आपले हात स्वच्छ असतील तरच नगरपालिकेला जाब विचारता येईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. "हे बिनउत्पन्नाचं खातं. तो खर्च आमच्या उसाच्या बिलातूनच जाणार." खर्च आहे, आणि तो शेवटी आपल्याच माथी येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही लिहा. पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा महाराष्ट्राने १९८१ साली स्वीकारला. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याची तरतूद आली. जानेवारीत असा आदेश आला तर? फडात ऊस उभा, टोळ्या बसून, उचल दिलेली, तोडलेला ऊस गाडीत वाळतोय. वजन घटते, उतारा घटतो. त्या आठ दिवसांचे नुकसान कोणाच्या बिलातून जाणार? वर्षभराच्या निगेचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरावा.

तिसरे म्हणणे असे की, शुद्ध केलेले पाणी शेताला द्या म्हणजे प्रश्न मिटला. देता येते, आणि द्यावेही. पण जिवाणू साखर खातात, क्षार खात नाहीत. काळ्या, निचरा नसलेल्या रानात असे पाणी दरसाल देत राहिलो तर जमीन क्षारपड होईल. नदीकाठच्या गावांत क्षारपडीने काय केले आहे, ते वेगळे सांगायला नको. तेव्हा पाणी द्यायचे ते मातीची परीक्षा करून, रान बदलून आणि सभासदाला विचारून. पाऊस झाला, कोणालाच पाणी नको, अशा वेळेसाठी पंधरा दिवसांची साठवण हवी. तीही त्या सनदेतच आहे.

सभेपुढे काय मागावे

आपल्याकडच्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांनी १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम पार पाडला, तेव्हा सांडपाण्याचा कायदा नव्हता. तो महाराष्ट्राने १९६९ साली केला आणि १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. कायदा आला तो बाहेरून. पण सहकारात नजर आतूनच असावी लागते. २०१४ साली केंद्रीय मंडळाने साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांना सांडपाण्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवायला सांगितली. ते आकडे मंडळाकडे थेट जातात. म्हणजे आपल्या गटाराचा आकडा दिल्लीत दिसतो, फक्त ज्याच्या विहिरीजवळून गटार जाते त्या सभासदाला दिसत नाही!

म्हणून माझ्या सूचना अशा:

१. शुद्धीकरण प्रकल्प ज्या दिवशी सुरू होईल, ती तारीख या वार्तापत्रात छापावी. ती पहिल्या मोळीच्या निदान महिनाभर आधीची असावी. गाळप संपल्यावरही महिनाभर प्रकल्प चालू ठेवावा, कारण सफाईचे पाणी त्याच काळात येते.

२. रोज किती पाणी बाहेर पडले आणि त्याचा बीओडी किती, हे दोन आकडे कारखान्याच्या फाटकावर आणि प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावेत. बीओडीची परीक्षा व्हायला काही दिवस लागतात, म्हणून तारीखवार शिळा आकडा चालेल, पण लिहावा.

३. प्रकल्पावर तिन्ही पाळ्यांना शिकलेला, कायम नोकरीतला माणूस हवा. हंगामी कामगाराकडे किल्ली देऊन भागत नाही, कारण जिवाणूंचे काम हंगामापूर्वी सुरू होते आणि हंगामानंतर संपते.

४. आवारातून बाहेर जाणारी वाट एकच असावी. बाकीचे पाइप, चर आणि चोरवाटा सभासदांसमक्ष सिमेंटने बंद कराव्यात.

५. मिल हाऊस आणि बॉयलिंग हाऊसच्या गटारात दर पाळीला साखरेची परीक्षा व्हावी, आणि तिची वही सर्वसाधारण सभेत टेबलावर असावी.

६. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी हंगामापूर्वी, मध्ये आणि शेवटी कारखान्याच्या खर्चाने तपासावे, आणि दाखला विहीरमालकाच्या हातात द्यावा.

यांतली एकही गोष्ट मोठ्या भांडवलाची नाही. प्रकल्प बांधायला पैसा लागतो, तो बहुतेक कारखान्यांनी केव्हाच खर्च केलेला आहे. कमी पडते ती निगा. टाकी, पंखे, मीटर सगळे उभे आहे. त्यात जीव आहे की नाही एवढेच पाहायचे आहे.

संचालक मंडळावर अविश्वास म्हणून हे लिहिलेले नाही. उलट हे आकडे फळ्यावर आले तर चांगल्या कारभाराला आपोआप दाद मिळेल, आणि ओढ्यात काही झाले तरी 'कारखान्यानेच सोडले' असे विनाकारण ऐकावे लागणार नाही. ज्याचे माप उघड आहे, त्याला अफवेची भीती नसते. काटा चोख असावा म्हणून आपण किती वर्षे भांडलो! आता ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्याचाही काटा चोख असू द्या.

येत्या सर्वसाधारण सभेत दराचा प्रश्न विचाराच. पण त्याच्याच मागे दुसरा विचारा: "साहेब, टाकीत शेण कधी टाकलं?" तारीख सांगता आली तर टाळ्या वाजवू. सांगता आली नाही, तर ती ठरेपर्यंत सभा पुढे चालू देऊ नये.

— एक ऊस उत्पादक सभासद